लुडो-सापशिडीनंतर काय? 5 आणि 8 वर्षांच्या मुलांसाठी डोकं लावायचा सोपा पटखेळ सुचवा

मुक्काम_कोथरूड

मुलं दोन. धाकटी 5 वर्षांची, मोठ्या गटात. थोरला 8 वर्षांचा, तिसरीत. लुडो आणि सापशिडीचा आता कंटाळा आलाय, कारण दान पडेल तसं चालायचं, डोकं लावायला काही नाही. पुढची पायरी म्हणून एखादा सोपा पटखेळ घ्यायचा आहे.

अटी अशा: फासा नको, असलाच तर नावापुरता. डाव 15-20 मिनिटांत संपावा. धाकटीला वाचता येत नाही, त्यामुळे कार्डांवर मजकूर असलेले खेळ बाद. व्यापारासारखे पैशांचे खेळ नकोत, ते संपतच नाहीत. बजेट हजारापर्यंत. तुळशीबाग किंवा अप्पा बळवंत चौकातून आणता येईल, ऑनलाइनही चालेल.

खरी अडचण वयातल्या अंतराची आहे. थोरला दर वेळी जिंकणार नाही आणि त्याला मुद्दाम हरायलाही सांगावं लागणार नाही, असा काही खेळ आहे का? शिवाय खोक्यावर छापलेल्या वयावर किती भरवसा ठेवायचा?

सोंगटी_बहाद्दर

आधी वयाचं. खोक्यावर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. '3 वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचना घशात अडकणाऱ्या तुकड्यांबद्दल आहे. सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात तुकडा पूर्ण मावला की तो धोक्याचा धरतात. ही सूचना पाळायचीच. '6+' किंवा '8+' हा मात्र नियम किती अवघड याचा कंपनीने बांधलेला अंदाज. तो आपण तपासायचा. आणि 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नसेल तर खोकं परत ठेवा.

तपासताना मी तीन गोष्टी बघायला सांगतो. एका खेळीला किती जागांतून निवड करायची? सहा-सात जागा असल्या तर पाच वर्षांचं मूल विचार करतं. पंचवीस असल्या तर कुठेही ठेवून मोकळं होतं, म्हणजे फासा न टाकता फासाच झाला. दुसरं, चूक किती लवकर कळते? पुढच्याच खेळीत फटका बसला तर 'अरे, हे का झालं' हा प्रश्न पडतो. दहा खेळ्यांनंतर बसला तर नुसतंच रडू येतं. तिसरं, हरायला लागल्यावर किती वेळ हरत बसावं लागतं? हा मुद्दा दुकानात कोणी बघत नाही, पण खेळ कपाटात जाऊन पडतो तो बहुतेक यामुळेच.

या तिन्हींत बसणारा सगळ्यात सोपा खेळ म्हणजे कनेक्ट फोर. उभी जाळी, 7 रकाने, 6 ओळी, प्रत्येकी 21 चकत्या. वरून चकती सोडायची, आडव्या, उभ्या किंवा तिरक्या सलग चार जुळवायच्या. खेळीला जास्तीत जास्त सातच पर्याय, डाव पाच-दहा मिनिटांचा.

मुलांना एवढंच शिकवा की मधला रकाना सोन्याचा. रकाने सात आणि जुळवायच्या चार, त्यामुळे आडवी किंवा तिरकी कुठलीही चौकडी मधल्या रकान्यातून गेल्याशिवाय पुरी होत नाही. मोजून बघा. दुसरी सवय: चकती सोडण्याआधी 'माझ्या चकतीच्या डोक्यावर आता त्याची बसणार, तिथे त्याचं काही जुळतंय का?' असं मोठ्याने विचारायचं. पाच वर्षांच्या मुलांच्या बहुतेक हारी या एका प्रश्नात सापडतात.

वयाचं अंतर इथे सरळ मिटवता येतं. पहिल्या खेळाडूने मधून सुरुवात केली आणि पुढे एकही चूक केली नाही, तर तोच जिंकतो हे 1988 मध्ये सिद्ध झालेलं आहे. तेव्हा धाकटीला कायम पहिली खेळी आणि मधला रकाना द्या. तेवढ्याने पुरलं नाही, तर थोरल्याने पहिल्या दोन चकत्या दोन टोकांच्या रकान्यांतच टाकायच्या.

घेताना जाळी हातात धरून दोन-चार चकत्या सोडून बघा. स्वस्त नकलांमध्ये फट अरुंद असते, चकती मध्येच अडकते आणि काढायला जाळी हलवली की खालची पट्टी सरकून सगळा डाव जमिनीवर. पट्टी घट्ट बसणारी हवी, पाय रुंद हवेत.

कोरिडॉर आणि ब्लॉकस ही नावंही दुकानदार पुढे करतील. दोन्ही चांगले आहेत, पण थोरल्यासाठी. कोरिडॉरमध्ये 81 घरं आणि 20 भिंती, आणि समोरच्याचा रस्ता पूर्ण बंद करायचा नाही हा नियम दर भिंतीला तपासावा लागतो. ब्लॉकसमध्ये प्रत्येक रंगाचे 21 तुकडे. दोघांत खेळताना दोन-दोन रंग घ्यायचे, म्हणजे प्रत्येकी 42. धाकटी अर्ध्यातच उठून जाईल.

रविवार_पेठ

वरचं सगळं पटलं, पण हजार रुपये घालवायची गरज नाही. वयात अंतर असलेल्या दोघांना वाघ-बकरीइतका चपखल खेळ दुकानात मिळणार नाही, कारण यात दोन बाजू मुळातच वेगळ्या आहेत. वाघ चार, बकऱ्या वीस. वाघांना फक्त 'कुठे उडी बसते' एवढं बघायचं असतं, बकऱ्यांना मात्र सगळा पट सांभाळावा लागतो. तेव्हा वाघ धाकटीला, बकऱ्या थोरल्याला. तो मनापासून खेळूनही हरू शकतो. मुद्दाम हरायचा प्रश्नच येत नाही.

पट असा आखा. 30 × 30 सेंमीचा जाड पुठ्ठा (माउंट बोर्ड, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे). चारी बाजूंनी 3 सेंमी सोडून 24 सेंमीचा चौकोन. त्यात 6-6 सेंमीवर आडव्या-उभ्या रेषा, म्हणजे 16 घरं आणि 25 बिंदू. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन मोठे कर्ण. शेवटी चारी कडांचे मध्यबिंदू जोडून आत एक तिरका चौकोन. इथेच लोक चुकतात आणि सोळाही घरांत दोन-दोन कर्ण काढून ठेवतात. प्रत्येक घरात एकच तिरकी रेघ आली पाहिजे. सोंगट्या घरांत नाही, बिंदूंवर ठेवायच्या.

सोंगट्यांसाठी बटणं घ्या, तुळशीबागेत मिळतील. वीस एका रंगाची, साधारण 2 सेंमीची. वाघांसाठी चार वेगळ्या रंगाची, ठळक मोठी. आकारात फरक हवाच, नाहीतर लहान मुलं वाघ समजून बकरी उचलतात.

नियम: चारी वाघ चार कोपऱ्यांवर. पहिली खेळी बकरीची. एका खेळीला एक बकरी कुठल्याही रिकाम्या बिंदूवर ठेवायची, मग एक वाघ रेषेवरून शेजारच्या बिंदूवर सरकणार. विसाच्या वीस बकऱ्या पटावर येईपर्यंत एकही बकरी हलवायची नाही. वाघ मात्र पहिल्यापासून मारू शकतो: शेजारी बकरी, तिच्या पलीकडचा बिंदू त्याच सरळ रेषेत आणि रिकामा, की उडी मारून बकरी बाद. एका खेळीत एकच उडी. पाच बकऱ्या गेल्या की वाघ जिंकले, चारही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. सुरुवातीचे काही डाव पाचाऐवजी तीनवर संपवा, लवकर आटोपतात.

काय चुकतं ते सांगतो.

मुलं जिथे रेषा नाही तिथून तिरकी उडी मारतात. 25 पैकी 12 बिंदूंवर तिरक्या रेषाच नाहीत, फक्त आडव्या-उभ्या. उपाय: उडीआधी बोट रेषेवरून फिरवून दाखवायचं, बोट रेषेबाहेर गेलं की उडी रद्द.

बकरीवाला पहिली बकरी वाघाच्या शेजारी कडेवर ठेवतो आणि ती लगेच जाते. पहिली बकरी कडेच्या बरोबर मधल्या बिंदूवर ठेवावी, तिथे ती कोपऱ्यातल्या कुठल्याही वाघाला लागून नसते. बकऱ्यांनी कडेने भरत यावं हे धोरण आठ वर्षांच्या मुलाला समजतं, कारण कडेवरच्या बकरीवरून फक्त कडेच्या रेषेतच उडी बसते आणि कोपऱ्यातल्या बकरीवरून बसतच नाही.

आणि कोंडी मोजायला शिकवा. कोपऱ्यातला एकटा वाघ कोंडायला शेजारच्या तीन जागा भरून भागत नाही, त्या तिघींच्या पाठच्या तीन जागाही भराव्या लागतात, नाहीतर तो उडी मारून निसटतो. म्हणजे सहा. हे गणित एकदा डोक्यात बसलं की थोरला जिंकायला लागेल. तेव्हा बाजू बदलायची वेळ झाली.

पट पावसाळ्यात वाकतो. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पारदर्शक चिकट कागद लावला, तर उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते आणि पट वाटीसारखा होतो. दोन्ही बाजूंना लावा आणि कडाही चिकटपट्टीने बंद करा.

अडीच_घर

बुद्धिबळ कुणीच सुचवलं नाही म्हणून. सगळ्या मोहऱ्यांसकट पाच वर्षांच्या मुलीपुढे ठेवू नका, सहा प्रकारच्या चाली एकदम डोक्यात राहत नाहीत. प्याद्यांची लढाई मात्र आजपासून खेळता येईल. पटावर फक्त प्यादी, नेहमीच्या जागी, आठ-आठ. चाल सरळ एक घर, पहिल्यांदा हवं तर दोन, मारायचं तिरकं. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचेल तो जिंकला. खेळायची पाळी आली आणि चालच उरली नाही, तर तो हरला. डाव पाच-सात मिनिटांचा.

अंतर मिटवायला थोरल्याची दोन प्यादी कमी करा. कडेची काढली तर फरक थोडा, मधली काढली तर चांगलाच. हे जमलं की राजा घाला, मग हत्ती, मग उंट, मग वजीर. घोडा सगळ्यात शेवटी.

संच घेताना चुंबकाचा, घडीचा, प्रवासातला नको. त्यातली प्यादी आणि उंट मुलांना वेगळे ओळखता येत नाहीत. स्पर्धेच्या मापाचा घ्या: राजा साडेनऊ सेंमीच्या आसपास, घर 5 ते 6 सेंमी, गुंडाळायचा व्हिनाइल पट. बजेटात बसेल आणि पुढची अनेक वर्षं पुरेल.

रविवार_पेठ

अडीच_घर, प्याद्यांची लढाई उत्तमच. फक्त 'सरळ चालायचं पण तिरकं मारायचं' इथे लहान मुलं बराच काळ अडखळतात. वाघ-बकरीत तेवढा एक गोंधळ कमी.

भातुकली

माझं मत मंकलाला, म्हणजे खळग्यांत एकेक बी टाकत जायच्या खेळाला, आणि तेही अंड्यांच्या ट्रेमधून. 30 अंड्यांचा कागदी ट्रे म्हणजे 6 × 5 खळगे. त्यातून सहा-सहाच्या दोन ओळी कापल्या की पट तयार. खळग्यांमधली उंच टोकं कात्रीने उडवा, नाहीतर बिया तिथे अडकतात. दोन टोकांना दोन वाट्या, प्रत्येकाची आपल्या उजव्या हाताची. बिया म्हणून चिंचोके धुऊन, वाळवून.

मूळ मांडणी प्रत्येक खळग्यात चार, एकूण 48. धाकटीसाठी तीन-तीन, म्हणजे 36 ने सुरुवात करा. आपल्या बाजूचा एक खळगा पूर्ण उचलायचा आणि घड्याळाच्या उलट दिशेने पुढे एकेक टाकत जायचं. वाटेत आपली वाटी लागली की तिच्यात एक टाकायचा, समोरच्याची लागली की ओलांडायची. शेवटचा चिंचोका आपल्या वाटीत पडला की आणखी एक खेळी. शेवटचा आपल्याच बाजूच्या रिकाम्या खळग्यात पडला आणि समोरच्या खळग्यात चिंचोके असले, तर ते आणि आपला तो एक, दोन्ही आपल्या वाटीत. एका बाजूचे सगळे खळगे रिकामे झाले की डाव संपला, दुसऱ्या बाजूला उरलेले तिकडच्याचे. वाटीत ज्याचे जास्त तो जिंकला.

पहिले काही डाव तो समोरचे उचलायचा नियम ठेवूच नका. फक्त 'शेवटचा वाटीत, की पुन्हा खेळी' एवढ्यावर खेळू द्या. धाकटीला यात शोधायला एक मस्त गोष्ट मिळते: खळग्यात जितके चिंचोके, तितकाच तो वाटीपासून लांब असेल, तर पुन्हा खेळी नक्की. तीन-तीनच्या मांडणीत डावीकडून चौथा खळगा, चार-चारच्या मांडणीत तिसरा. हे आपणहून सांगू नका, सापडू द्या. मोजणीचा सरावही फुकटात होतो.

चुका दोनच प्रकारच्या: बोटांतून दोन चिंचोके एकदम पडतात, आणि मूल समोरच्याच्या वाटीत टाकून येतं. पहिलीवर उपाय, मूठ उघडी ठेवून दुसऱ्या हाताने एकेक उचलायचा. दुसरीवर, वाट्या वेगळ्या रंगाच्या घ्यायच्या.

सुरुवात करणाऱ्याला फायदा असतो, म्हणून आळीपाळीने. थोरल्याला ओझं द्यायचं तर धाकटीच्या वाटीत आधीच तीन-चार चिंचोके टाकून ठेवा. जिंकण्यातला फरक कमी होत जाईल तसा तो आकडा कमी करायचा.

कट्टेकरी

चिंचोके नसतील तर गुंजा वापरा. लाल-काळ्या, दिसायलाही सुंदर, सगळ्या एकसारख्या मापाच्या.

भातुकली

कृपा करून नको. गुंजेत अब्रिन नावाचं जबर विष असतं. कवच शाबूत असेल तर बी कधी कधी तशीच बाहेर पडते, पण चावली गेली किंवा भोक पाडलेली असली तर जिवावर बेतू शकतं. माळेतून सुटलेल्या गुंजा तर अधिकच वाईट. मुलांच्या खेळात गुंज आणि एरंडाची बी दोन्ही वर्ज्य. चिंचोके नसतील तर बटणं, कवड्या किंवा मोठ्या काचेच्या गोट्या घ्या. गोट्यांना ट्रेऐवजी खोलगट वाट्या लागतील, नाहीतर घरंगळतात.

सोंगटी_बहाद्दर

एक राहिलं. घरात हरण्यावरून भोकाड पसरलं जात असेल, तर 'फासा नको' हा आग्रह थोडे दिवस सोडा आणि चल्लस-आठ आणा. 5 × 5 घरं, चार कवड्या, प्रत्येकी चार सोंगट्या. एक, दोन, तीन उताण्या पडल्या तर तेवढंच दान, चारही उताण्या म्हणजे चार, चारही पालथ्या म्हणजे आठ, आणि चार-आठला पुन्हा दान. दान नशिबाचं, पण चारपैकी कुठली सोंगटी चालवायची, मारायचं की सुरक्षित घरात बसायचं हा निर्णय आपला. लुडोपेक्षा निर्णय जास्त वेळा येतो, कारण पट लहान आणि गाठी सारख्या पडतात. हरणाऱ्याला 'दानच पडलं नाही' म्हणायची सोयही राहते, धाकट्यांना तिचा फार आधार असतो.

कवड्या मात्र आधी पन्नासेक वेळा टाकून बघा. पाठ घासून सपाट केलेल्या कवड्या एकाच बाजूला जास्त पडतात आणि मग आठ एक तर सारखे येतात, नाहीतर येतच नाहीत. त्यापेक्षा चिंचोके फोडून अर्धे केलेले बरे, एक बाजू पांढरी, एक तपकिरी.

मुक्काम_कोथरूड

सगळ्यांचे आभार. पुठ्ठा आणि बटणं आणून वाघ-बकरी, आणि ट्रेचा मंकला, असं ठरवलंय. कनेक्ट फोर वाढदिवसासाठी राखून ठेवते. वाघ-बकरीबद्दल एक शंका: विसाच्या वीस बकऱ्या मांडून झाल्यावर दोघंही तीच सोंगटी पुढे-मागे करत बसली तर डाव संपणार कसा? आणि मांडताना एकही बकरी गेली नाही तर काय?

रविवार_पेठ

दुसऱ्या प्रश्नाचं आधी: एकही बकरी गेली नाही तर 25 पैकी 24 बिंदू भरलेले, एकच रिकामा. तेव्हा वाघ जवळजवळ कोंडलेलेच असतात, तो डाव बहुतेक बकऱ्यांचाच होतो. पाच वर्षांच्या वाघाविरुद्धही असं क्वचितच होईल, कारण मांडतानाच दोन-तीन बकऱ्या जातात.

पुढे-मागे करण्यावर बंधन घालावंच लागतं. सगळ्या बकऱ्या पटावर आल्यानंतर, पटाची जी मांडणी आधी येऊन गेली ती पुन्हा आणायची नाही, असा नियम लावतात. पण मुलांना आधीच्या मांडण्या लक्षात राहणार नाहीत. त्यांच्यासाठी सोपं रूप: एकच सोंगटी त्याच दोन बिंदूंमध्ये लागोपाठ तीनदाच फिरवायची, चौथ्यांदा दुसरी हलवायची. वाघाला दुसरी चालच नसेल तेवढी सूट. तरीही अडकलं तर गेलेल्या बकऱ्या मोजा. तीन किंवा जास्त गेल्या असतील तर वाघांचा डाव, कमी असतील तर बकऱ्यांचा, आणि बाजू बदलून पुढचा डाव मांडा. हा आकडा सुरुवातीलाच ठरवून पटाच्या मागे लिहून ठेवा, मध्येच ठरवला की भांडण.